केवळ-व्याज कर्जाचा हिशेब: वित्तीय सॉफ्टवेअरमध्ये नोंदी कशा ठेवाव्यात

हप्ता भरला म्हणजे कर्ज कमी झाले, ही समजूत इतकी अंगवळणी पडलेली असते की हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्याने वापरणारा माणूस प्रत्येक हप्ता सरळ कर्जखात्यातून वजा करत जातो. नेहमीच्या कर्जात ही चूक थोडक्यात निभावते, कारण हप्त्याचा काही भाग तरी खरोखर मुद्दलात जात असतो. केवळ-व्याज कर्जात मात्र हप्त्यातील एक छदामही मुद्दलात जात नाही आणि तरीही वहीतील कर्ज दरमहा घटताना दिसते. मी स्वतः सुरुवातीला हेच केले होते. वर्षअखेरीस माझ्या संगणकावर ११,२८,००० देणे दिसत होते आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या उताऱ्यावर १२,००,०००. फरक ७२,००० चा, म्हणजे बरोबर एका वर्षाच्या व्याजाचा. आकडा ओळखीचा वाटला म्हणूनच चूक सापडली.

हा लेख अशा कर्जाची नोंद पहिल्या दिवसापासून कशी ठेवावी याविषयी आहे. उदाहरण सर्वत्र एकच घेतले आहे: मुद्दल १२,००,०००, वार्षिक व्याजदर ६ टक्के, एकूण मुदत २५ वर्षे आणि त्यांपैकी पहिली ५ वर्षे केवळ व्याज. आकडे कोणत्याही चलनातील समजावेत. सॉफ्टवेअरमधील तपशील सांगताना ग्नूकॅश या मोफत कार्यक्रमाचा आधार घेतला आहे. दुहेरी नोंद पद्धतीने चालणाऱ्या इतर कार्यक्रमांत बटणांची नावे बदलतील, नोंदींचा गाभा मात्र हाच राहील.

आधी करार वाचावा, मग संगणक उघडावा

करारातून मुद्दल आणि व्याजदर टिपून घेणे सगळ्यांनाच सुचते. त्याहून महत्त्वाच्या बाबी तीन आहेत: केवळ व्याज भरण्याचा काळ नेमक्या कोणत्या हप्त्याला संपतो, त्यानंतर मुद्दल हप्त्यांनी फेडायचे की एकरकमी, आणि व्याज महिन्याच्या हिशेबाने आकारतात की दिवसांच्या.

शेवटची बाब नवख्यांना क्षुल्लक वाटते, पण आकडे न जुळण्याच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. व्याज महिन्याच्या हिशेबाने असेल, तर १२,००,००० वर ६ टक्क्यांनी वर्षाचे ७२,००० होतात आणि दरमहा ६,००० इतका एकच आकडा येतो. व्याज प्रत्यक्ष दिवसांवर आणि ३६५ दिवसांचे वर्ष धरून आकारले जात असेल, तर ३१ दिवसांच्या महिन्याचे व्याज ६,११५.०७, ३० दिवसांच्या महिन्याचे ५,९१७.८१ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीचे ५,५२३.२९ होते. काही करारांत दिवस प्रत्यक्ष मोजतात, पण वर्ष ३६० दिवसांचे धरतात. तेव्हा ३१ दिवसांच्या महिन्याला ६,२०० पडतात आणि वर्षाचे व्याज ७२,००० न होता ७३,००० होते. दर तोच, मुद्दल तेच, आणि तरीही वर्षाला १,००० जास्त. म्हणून एखाद्या महिन्यात आकडा जुळला नाही, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी त्या महिन्याचे दिवस मोजून पाहावेत.

खाती उघडणे

दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत लिहिला जातो: पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला. या कर्जासाठी चार खाती पुरतात. बँकेचे खाते मालमत्ता गटात असतेच. दायित्व गटात कर्जाच्या नावाने एक खाते उघडावे. खर्च गटात ‘कर्जावरील व्याज’ आणि ‘कर्जाचे शुल्क’ अशी दोन वेगळी खाती उघडावीत. व्याज आणि शुल्क एकाच खात्यात टाकण्याचा मोह होतो, पण विलंब शुल्क, प्रक्रिया शुल्क वगैरे व्याजात मिसळले की वर्षअखेरीस व्याजाची बेरीज उताऱ्याशी जुळत नाही आणि दोन-चार तास फुकट जातात.

ग्नूकॅशच्या दायित्व खात्यात स्तंभांच्या डोक्यावर ‘नावे’ आणि ‘जमा’ यांऐवजी ‘घट’ आणि ‘वाढ’ या अर्थाचे शब्द दिसतात. नवख्या माणसासाठी ही सोय मोठी आहे: देणे वाढले तर ‘वाढ’, कमी झाले तर ‘घट’. काही कार्यक्रम देणे उणे चिन्हासह दाखवतात, काही अधिक. हा केवळ दाखवण्याचा प्रकार असतो आणि त्यामुळे हिशेब बदलत नाही. चिन्ह उलटे दिसते म्हणून नोंद उलटी करू नये. तसे केले की कर्ज ही संपत्ती ठरते आणि ताळेबंदात आपण अचानक श्रीमंत दिसू लागतो.

पहिली नोंद

कर्ज हातात आले त्या दिवशीची नोंद सोपी वाटते, पण तिथे एक खाचखळगा आहे. समजा, संस्थेने १२,००० प्रक्रिया शुल्क कापून घेतले आणि बँकेत ११,८८,००० जमा केले. बँकेच्या उताऱ्यावर दिसणारा आकडा पाहून कर्ज ११,८८,००० लिहिणे चूक आहे, कारण व्याज १२,००,००० वर लागणार आहे. इथे तीन ओळींची नोंद करावी लागते, जिला बहुतेक कार्यक्रमांत स्प्लिट म्हणतात: कर्जखात्यात १२,००,००० वाढ, बँकेत ११,८८,००० जमा आणि शुल्काच्या खर्चखात्यात १२,०००. रक्कम आपल्या खात्यात न येता थेट विक्रेत्याकडे गेली असेल, तर बँकेच्या जागी त्या रकमेतून विकत घेतलेल्या मालमत्तेचे खाते येते.

कर्ज पूर्वीच घेतलेले असेल आणि हिशेब आज सुरू करायचा असेल, तर जुने सगळे हप्ते लिहीत बसण्याची गरज नाही. आजच्या तारखेला संस्थेच्या उताऱ्यावर असलेले मुद्दल कर्जखात्यात ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून लिहावे. केवळ-व्याज काळ चालू असेल, तर ते मूळ मुद्दलाइतकेच असायला हवे. नसेल, तर त्यामागे मध्येच भरलेली काही रक्कम किंवा थकलेले व्याज आहे, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बांधकामासाठीच्या कर्जासारखी काही कर्जे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. अशा वेळी प्रत्येक टप्पा त्या त्या तारखेला कर्जखात्यात वेगळी वाढ म्हणून लिहावा. मंजूर झालेली पण न उचललेली रक्कम हे देणे नाही. ती खात्यात येऊ नये.

नोंद पुरी झाल्यावर ग्नूकॅशमध्ये मी एक छोटी युक्ती करतो. कर्जखात्याच्या गुणधर्मांत ‘प्लेसहोल्डर’ नावाची चौकट असते. तिच्यावर खूण केली की त्या खात्यात नवी नोंद करता येत नाही. केवळ-व्याज काळात कर्जखात्यात काही लिहायचेच नसते, तेव्हा चुकून हप्ता तिथे टाकायचा प्रयत्न केला तर कार्यक्रमच अडवतो. मुद्दलात खरोखर काही बदल झाला, की खूण काढावी, नोंद करावी आणि पुन्हा लावावी.

दरमहाची नोंद

हप्त्याची नोंद दोनच ओळींची असते: बँकेतून ६,००० गेले आणि ‘कर्जावरील व्याज’ या खर्चखात्यात ६,००० आले. कर्जखात्याचा इथे संबंधच येत नाही. ज्यांनी पूर्वी नेहमीचे कर्ज हाताळले आहे त्यांना ही नोंद अपुरी वाटते, ‘कर्जाचा हप्ता आणि कर्जखात्यात काहीच नाही?’ असे ते दोनदा विचारतात. होय, काहीच नाही. घराचे भाडे देताना जसा तो निव्वळ खर्च असतो, तसे हे पैशाचे भाडे आहे.

याच कारणाने सॉफ्टवेअरमधील तयार कर्ज-सहायक या टप्प्यावर वापरू नये. ग्नूकॅशमधील सहायक मुद्दल, दर आणि मुदत विचारून समान हप्त्यांचे वेळापत्रक बनवतो, आणि त्यात प्रत्येक हप्त्याचा काही भाग मुद्दलात जातो हे गृहीतच असते. आपल्या उदाहरणातील आकडे त्यात भरले, तर २५ वर्षांसाठी ७,७३१.६२ चा हप्ता येईल, जो आपण भरतच नाही. सहायकाचा उपयोग ५ वर्षांनी होणार आहे. तोवर नियोजित व्यवहार, म्हणजे ठरलेल्या तारखांना आपोआप होणारी नोंद (शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन), स्वतः तयार करावा.

तो करताना वारंवारता मासिक ठेवावी आणि तारीख करारातील द्यावी. तारीख शनिवारी किंवा रविवारी आली तर व्यवहार आदल्या की पुढच्या कामाच्या दिवशी धरायचा, हा पर्यायही तिथे असतो. आपली बँक जसे करते तसेच निवडावे, नाहीतर दर काही महिन्यांनी तारखा एक-दोन दिवसांनी हुकतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शेवट ‘कायम’ ठेवू नये. किती वेळा, या चौकटीत ६० लिहावे. ६० वा व्यवहार झाला की नियोजन आपोआप थांबते, आणि हप्ता बदलण्याची वेळ आली आहे याची ती सर्वांत खात्रीची खूण ठरते.

६० मोजतानाही एक बारकावा आहे. पहिला हप्ता १ फेब्रुवारीला असेल, तर ६० वा हप्ता पाचव्या वर्षानंतरच्या १ जानेवारीला येतो, १ फेब्रुवारीला नाही. शिवाय कर्ज १७ जानेवारीला मिळाले असेल, तर १ फेब्रुवारीला फक्त १५ दिवसांचे व्याज द्यावे लागते, म्हणजे ३६५ दिवसांच्या हिशेबाने २,९५८.९०. हे खंडित काळाचे व्याज पहिला हप्ता म्हणून मोजायचे की त्याच्या आधीचे म्हणून, हे करारच ठरवतो. कसेही असले तरी ती नोंद हाताने करावी आणि नियोजन पुढच्या पूर्ण हप्त्यापासून सुरू करावे. ती पहिला हप्ता म्हणून मोजली जात असेल, तर नियोजनाच्या चौकटीत ६० ऐवजी ५९ येतील.

व्याज दिवसांवर आकारले जात असेल, तर रक्कम दरमहा बदलते आणि ठरावीक आकडा लिहून चालत नाही. ग्नूकॅशच्या नियोजित व्यवहारात रकमेच्या जागी आकड्याऐवजी एखादा शब्द लिहिता येतो. मग व्यवहार तयार होण्याच्या वेळी कार्यक्रम त्या शब्दाची किंमत विचारतो. उताऱ्यावरचे व्याज तिथे भरले की दोन्ही ओळी पुऱ्या होतात. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते, अगदी ठरावीक व्याजाच्या कर्जातही, कारण आकडा टाइप करण्याच्या निमित्ताने दरमहा एकदा तरी उतारा उघडला जातो.

नेहमीच्या वाटेबाहेरचे महिने

मुद्दलात स्वखुशीने काही रक्कम भरली, तर कर्जखाते पहिल्यांदा हलते. समजा, हप्त्याच्या दिवशीच १,००,००० जादा भरले. तेव्हा एकाच व्यवहारात बँकेतून १,०६,००० जातील, व्याजखर्चात ६,००० येतील आणि कर्जखात्यात १,००,००० ची घट होईल. पुढच्या महिन्यापासून व्याज ११,००,००० वर, म्हणजे ५,५०० असायला हवे, आणि नियोजित व्यवहारातील रक्कम त्याच दिवशी बदलून ठेवावी. रक्कम महिन्याच्या मधोमध भरली, तर त्या महिन्याचे व्याज दोन तुकड्यांत मोजावे लागते: ३० दिवसांच्या महिन्यात पहिले १० दिवस १२,००,००० वर १,९७२.६० आणि उरलेले २० दिवस ११,००,००० वर ३,६१६.४४, एकूण ५,५८९.०४.

जादा रक्कम भरल्यावर पुढचा उतारा येईपर्यंत निश्चिंत होऊ नये. ती मुद्दलात वळती झाली आहे की पुढील हप्त्यांपोटी आगाऊ व्याज म्हणून बाजूला ठेवली आहे, हे उताऱ्यावरच कळते. आगाऊ व्याज म्हणून धरली असेल, तर मुद्दल जागचे हललेले नसते आणि आपल्या वहीतील घट खोटी ठरते. भरतानाच ‘मुद्दलात’ असे लेखी कळवलेले बरे. मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क लागत असेल, तर ते शुल्काच्या खात्यात.

उलट प्रसंग हप्ता चुकण्याचा. न भरलेले व्याज मुद्दलात मिळवण्याची तरतूद करारात असेल, तर बँकेतून काही गेले नसले तरी नोंद करावीच लागते: व्याजखर्चात ६,००० आणि कर्जखात्यात ६,००० ची वाढ. देणे १२,०६,००० होते आणि पुढच्या महिन्याचे व्याज ६,०३०. तीस हा आकडा किरकोळ दिसतो, पण व्याजावर व्याज चढू लागल्याची ती पहिली खूण असते. विलंब शुल्क वेगळे लिहावे.

व्याजदर बदलता असेल तर बदलाची तारीख महत्त्वाची. दर ६ वरून ७ टक्के झाला की महिन्याचे व्याज ६,००० वरून ७,००० होते. नेहमीच्या कर्जात दर वाढला तर काही वेळा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवता येते. इथे तशी पळवाट नाही, वाढ पुरती हप्त्यात उतरते. जुन्या नोंदींना हात न लावता नियोजित व्यवहारातील आकडा नव्या तारखेपासून बदलावा आणि टिपणाच्या जागेत नवा दर लिहून ठेवावा. दोन वर्षांनी हीच ओळ उपयोगी पडते.

ताळमेळ

दर महिन्याला, निदान दर तिमाहीला, दोन आकडे उताऱ्याशी ताडून पाहावेत. पहिला, कर्जखात्याची शिल्लक उताऱ्यावरील मुद्दलाइतकी आहे का. दुसरा, वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या व्याजखर्चाची बेरीज उताऱ्यावरील भरलेल्या व्याजाइतकी आहे का. कर्जखात्यात महिनोन्महिने एकही नोंद नसते, म्हणून ‘यात ताळमेळ कसला घालायचा’ असे वाटते. पण न हललेली शिल्लक हीच इथली तपासणी आहे. कर्जखात्याच्या शिल्लकीचा आलेख काढला, तर ती जमिनीला समांतर सरळ रेषा दिसली पाहिजे. रेषा उतरती दिसली आणि आपण जादा काही भरलेले नसेल, तर कुठला तरी हप्ता चुकीच्या खात्यात पडला आहे.

व्याज बहुधा मागील महिन्याचे असते. त्यामुळे डिसेंबरचे व्याज १ जानेवारीला भरले, तर ते रोखीच्या हिशेबात नव्या वर्षात पडते आणि संस्थेच्या वार्षिक दाखल्यात मात्र जुन्या वर्षात दिसू शकते. एका महिन्याच्या व्याजाइतका फरक दिसला, तर आधी हेच कारण तपासावे. करासाठी कोणते वर्ष धरायचे, हे आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे ठरते.

मुदत संपताना

केवळ-व्याज काळाच्या शेवटी काय होते, हे आकड्यांत आधीच पाहून ठेवावे. मुद्दल उरलेल्या २० वर्षांत फेडायचे असेल, तर १२,००,००० वर ६ टक्क्यांनी २४० हप्ते प्रत्येकी ८,५९७.१७ चे होतात. म्हणजे हप्ता एका महिन्यात ४३ टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि दर मात्र तोच राहिलेला असतो. स्प्रेडशीटमधील पीएमटी या सूत्रात मासिक दर ०.५ टक्के, हप्ते २४० आणि मुद्दल १२,००,००० घातले की हाच आकडा मिळतो. तो उणे चिन्हासह आला तर दचकू नये, खिशातून जाणारी रक्कम ते सूत्र तशीच दाखवते. सुरुवातीपासूनच समान हप्ते भरले असते, तर २५ वर्षांत व्याज सुमारे ११,१९,५०० झाले असते. केवळ-व्याज मार्गाने ते सुमारे १२,२३,३०० होते. पहिल्या ५ वर्षांच्या हलक्या हप्त्यांची किंमत अशी १,०४,००० च्या आसपास पडते.

६१ व्या हप्त्यापासून दुसरे नियोजन लागू होते. इथे सहायक बिनधास्त वापरावा: मुद्दल १२,००,०००, मुदत २४० महिने. आधी कर्जखात्यावरील प्लेसहोल्डरची खूण काढावी, एरवी आपल्याच युक्तीत आपण अडकू. पहिला नवा हप्ता ६,००० व्याज आणि २,५९७.१७ मुद्दल असा फुटला पाहिजे आणि दुसरा ५,९८७.०१ व्याज आणि २,६१०.१६ मुद्दल असा. हे दोन हप्ते उताऱ्याशी तंतोतंत जुळले, तर पुढचे बहुधा जुळतात. केवळ शेवटचा हप्ता दशांशांच्या गोळाबेरजेमुळे थोडा इकडेतिकडे होतो.

मुद्दल एकरकमी द्यायचे असेल, तर तयारी पहिल्याच महिन्यापासून हवी. सॉफ्टवेअरमध्ये मालमत्ता गटात ‘मुद्दल-निधी’ असे उपखाते उघडावे आणि त्यात दरमहा रक्कम वळती करण्याचा आणखी एक नियोजित व्यवहार बनवावा. निधीवरील परतावा शून्य धरला, तर १२,००,००० साठी ६० महिने २०,००० बाजूला ठेवावे लागतात. हा आकडा ६,००० च्या हप्त्याशेजारी ठेवून पाहिला की कर्ज खरोखर किती जड आहे ते कळते. निधीची रक्कम कर्जखात्यातून वजा करू नये. ती आपल्याकडेच आहे, संस्थेकडे गेलेली नाही.

परतफेडीच्या दिवशी निधीतून १२,००,००० कर्जखात्यात घट म्हणून आणि शेवटचे व्याज खर्चखात्यात, अशी नोंद होते. कर्जखात्याची शिल्लक शून्य झाली की संस्थेकडून कर्जमुक्तीचा दाखला घ्यावा आणि त्याची तारीख शेवटच्या नोंदीच्या टिपणात लिहावी. खाते मात्र पुसू नये, कारण ते पुसले की जुन्या वर्षांचे ताळेबंद बिघडतात. गुणधर्मांत ‘लपवा’ या अर्थाची चौकट असते, तिच्यावर खूण केली की खाते यादीतून दिसेनासे होते आणि नोंदी जागच्या जागी राहतात.